बिनखुंटाची चौकडी

गेल्या महिन्यात भाचीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "मावशी, हे बघ. आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर कसं दिसेल?" तिने नवा फ्लॅट घेतलाय आणि भिंती रिकाम्या दिसल्या की तिला झोप लागत नाही. पडद्यावर एक सागवानी फळा होता. त्यात ओळीने चौकोनी खड्डे कोरलेले आणि खालून चौथ्या ओळीतला एक सोडला तर प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध एक खुंट उभा. बाजूने प्रकाश टाकून फोटो काढला होता, त्यामुळे सावल्या छान पडल्या होत्या. खाली लिहिलं होतं: 'भौमितिक अमूर्त उठावशिल्प. सागवान. कलावंत अज्ञात. विक्रीस उपलब्ध.'

पुढचा फोटो मागच्या बाजूचा होता. तिथे एक पिवळा पडलेला कागद डकवलेला आणि त्यावर शाईने दोन शब्द: भौमितिक रचना. ते अक्षर माझं आहे. 'र'ची शेपटी लांब ओढायची खोड मला शाळेपासून आहे.

"नको घेऊस," मी म्हटलं.

"का? वाईट आहे?"

"वाईट नाही. उलटं टांगलंय त्यांनी."

तिला वाटलं, मावशी आता म्हातारी झाली. तिच्या नकळत मी तो नंबर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. पलीकडचा मुलगा फार अदबीने बोलला. म्हणाला, "मॅडम, कलावंताचं नाव ठाऊक असेल तर सांगा ना. आणि त्यामागे काही गोष्ट असेल तर तीही. गोष्ट असली की वस्तू लवकर जाते." मी फोन ठेवून दिला. त्याची काही चूक नव्हती, तो त्याचा धंदा करत होता. पण मला संताप आला, आणि तो त्याच्यावर नव्हता.

कलावंताचं नाव मारुती पांचाळ. गेवराई तालुक्यातल्या ज्या शाळेत मी बावीस वर्षं भूमिती शिकवली, तिथे ते चित्रकलेचे शिक्षक होते. घराणं सुताराचं. खिशाला पेन लावायच्या ऐवजी कानावर सुतारी पेन्सिल ठेवून वर्गात जायचे. उंच, किडकिडीत, आणि काहीही बघताना एक डोळा मिटायचे. मुख्याध्यापकांकडेसुद्धा तसंच बघायचे, त्यामुळे नवे मुख्याध्यापक हमखास चिडत. चहा अर्धाच प्यायचे. उरलेला का टाकता, असं विचारलं तर म्हणायचे, "सवय हाय, बाई." बस्स. पांचाळ सरांना दुसरं वाक्य बोलायला लावणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं.

वर्षाच्या पहिल्या तासाला ते पत्र्याचा डबा घेऊन वर्गात फिरायचे आणि सगळ्यांची खोडरबरं गोळा करायचे. मार्चमध्ये परत. "खोडायचं न्हाई. रेघ चुकली तर चुकू द्या, बाजूला दुसरी काढा. पहिली पुसली तर दुसरी किती सरकली ते कशावरनं मापणार?" माझ्या भूमितीच्या वह्यांचा त्यामुळे सत्यानाश व्हायचा. एका त्रिकोणाला पाच बाजू. मी भांडायला गेले तर एक डोळा मिटून वही बघितली आणि म्हणाले, "पोरगं कुटं चुकलं ते दिसतंय की यात. अजून काय पाहिजे?" मी वही उचलून परत आले.

आणखी एक विचित्र गोष्ट होती. ते मोजमापाची फीत, ती लांब गुंडाळायची टेप असते ना, ती हातात धरत नसत. क्रीडास्पर्धेच्या वेळी मैदान आखायचं होतं. खेळाच्या शिक्षकांनी टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं, तर सरांनी ते विंचू झटकावा तसं टाकून दिलं आणि सरळ स्टाफरूममध्ये जाऊन बसले. पुढे आम्ही त्यावरून त्यांची टिंगल करायचो. सुताराच्या पोराला टेपचं वावडं, म्हणायचो. मीही म्हणायची. ते वितीने मापायचे, सुतळीला गाठी मारून मापायचे, आणि त्यांचं माप कधी चुकत नसे.

अख्ख्या शाळेत त्यांना नुसतं 'मारुती' म्हणणारी एकच बाई होती. गयाबाई. शाळेचं पाणी भरायची, वर्ग झाडायची. मुख्याध्यापकांना 'सायेब', मला 'बाई', आणि पांचाळ सरांना "ये मारुती, पाय उचल, झाडू दे." सर मुकाट्याने पाय उचलायचे. ते तिला गयाक्का म्हणत. मला वाटायचं, एका गावची असतील.

आमची शाळा ज्या संस्थेची, तिचे अध्यक्ष आबासाहेब. साखर कारखान्याचे चेअरमनही तेच. दूध संघही त्यांचाच, सोसायटीही. तालुक्यात सहकार म्हणजे आबासाहेबांनी हाक मारायची आणि बाकीच्यांनी ओ द्यायची. माणूस मात्र गोड. कुणाच्याही मयतीला आधी हजर. कारखान्याच्या कचेरीची नवी इमारत झाली तेव्हा त्यांनी पांचाळ सरांना बोलावून घेतलं. संस्थेच्या कामासाठी मीही त्या दिवशी तिथे होते.

"मास्तर, दर्शनी भिंतीला लाकडात कायतरी भारी करा. मधी ऊस, वर सूर्य, खाली बैलजोडी. कोपऱ्यात मी असलो तरी चालंल," आबासाहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

सरांनी एक डोळा मिटून त्यांच्याकडे पाहिलं. "करतो. पर साल लागंल. आन् मधी कुणी बघायचं न्हाई."

आबासाहेबांनी मान डोलावली. कलावंत लोक असेच असतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असावं.

शाळा सुटली की चित्रकलेच्या खोलीतून पटाशीने लाकूड कोरल्याचा आवाज यायचा. खोलीला आतून कडी. फक्त गयाबाईला झाडायला उघडत असत, आणि तेही फळ्यावर चादर टाकून. आठ-नऊ महिने गेले. एका दुपारी मी प्रश्नपत्रिकेची आकृती काढून घ्यायला गेले तर दार उघडं. सर खाली बसलेले. चादर बाजूला पडली होती आणि गयाबाई हातातला झाडू तसाच धरून फळ्यासमोर उभी होती.

"बाई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही तर आमची चौकडी."

मला कळेना. तिनेच सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाचं काम निघालं होतं. माती खणायला जोडी-जोडीला एकेक चौकोन आखून द्यायचे, ती चौकडी. खणताना मधोमध मातीचा एक खुंट तसाच सोडायचा. जमीन मूळची किती उंच होती ते त्या खुंटावरून कळायचं. आठवड्याला ओव्हरसियर यायचा, खुंटाच्या डोक्यापासून खाली टेप सोडायचा, आणि जितकं भरेल तितकं तुमचं काम. खुंट पडला तर माप नाही. माप नाही तर तुम्ही खणलंच नाही.

सांगता सांगता ती ओळी मोजत होती. "ही ठमाची. ही भागाबाई सासवासुनांची, खडक लागला व्हता, म्हनून उथळ हाय." तिचं बोट वरून चौथ्या ओळीत थांबलं. त्या खड्ड्यात खुंट नव्हता. नुसतं एक चौकोनी भोक.

"ही माजी," ती म्हणाली.

"हां," सर म्हणाले.

एवढं बोलून ती खोली झाडायला लागली. मी आकृती न घेताच परत आले. संध्याकाळी तिला गाठून विचारलं तेव्हा बाकीचं कळलं.

त्या कामावर मुकादम होते आबासाहेब. तेव्हा नुसते आबा. आणि टेपचं टोक धरायला नुकता मॅट्रिक झालेला मारुती. दुष्काळी कामावर लेकरांसाठी सुकडी, म्हणजे गोडसर पौष्टिक पीठ, वाटत. एक मोठा साहेब पाहणीला आला, आणि सगळ्या बायका पदर सावरून गप्प असताना गयाबाईने त्याला सांगितलं, की सुकडीची पोती आधी मुकादमाच्या घरी उतरतात, मग उरलीसुरली इथे येतात. साहेब 'बघतो' म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी भरदुपारी, बायका भाकरी खायला लिंबाखाली बसल्या असताना, आबाने फावडं घेऊन तिच्या चौकडीतला खुंट पाडला. मारुती टेप गुंडाळत पाच हातांवर उभा होता. तासाभराने ओव्हरसियर आला. त्याने विचारलं, "ही किती?"

"मारुतीनं आदल्या दिशी मापली व्हती," गयाबाई म्हणाली. "त्याला ठावं व्हतं. मी त्याच्या तोंडाकडं बगितलं. तर म्हनला, खुंट न्हाई सायेब."

आठवड्याचं काम गेलं आणि कामावरून नावही गेलं. नारायणगडाच्या वाटेवर दुसरं काम निघालं होतं, तिथे आबाचा निरोप आधीच पोचलेला. मग नवऱ्याबायकोने त्या साली पहिल्यांदा कोयता हातात घेतला आणि ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात गेले. एकदा कोयता हाती आला की तो सुटत नाही, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. तिची तिन्ही पोरं उसाच्या फडात वाढली. शाळेत एकही गेलं नाही. पाठ मोडली तेव्हा ती गावी परतली आणि शाळेत पाणी भरायला लागली. दुसऱ्यांच्या पोरांसाठी.

"मग सरांशी बोलतेस कशी?" मी विचारलं.

"टेप धरनारं पोरगं ते. त्याला काय म्हनायचं. पर मनात ठिवून हाय त्यो, म्हनून बोलते."

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बोटाएवढा सागवानी खुंट काढून दाखवला. स्टाफरूममध्ये तो अंगठ्याने घासत बसायचे, मी पाहिलं होतं. मला वाटायचं खडू ठेवायचं काहीतरी असेल. "गयाक्काचा हाय," ते म्हणाले. "उद्घाटनाला सगळे आसतील. समद्यांपुढं सांगीन, कुणी पाडला, कुणी बघितला. मग बसवीन." एवढं सलग बोललेलं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मला त्यांचा हेवा वाटला. खरंच वाटला.

उद्घाटनाला मांडव, फेटे, सनई. पुढच्या रांगेत संचालक मंडळ, मागे शिक्षक, त्यामागे गावकरी. गयाबाई पिण्याच्या पाण्याच्या पिंपापाशी, हातात पितळी तांब्या. आबासाहेबांनी पडदा ओढला. टाळ्या वाजल्या आणि अर्ध्यातच विरल्या. ऊस नाही, सूर्य नाही, बैल नाहीत. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

आबासाहेब मात्र फळ्याकडे बघत राहिले. मग पुढे झाले आणि चौथ्या ओळीतल्या त्या रिकाम्या चौकोनात त्यांनी अंगठा घातला. भोकात अंगठा घालून दोनदा फिरवला. मला वाटतं त्या मांडवात चारच माणसांना कळलं असेल ते काय आहे. त्यांनी माइक हातात घेतला तेव्हा ते हसत होते.

"आता ह्यात काय काढलंय ते मास्तरच सांगतील. बोला पांचाळ मास्तर. आपलीच मान्सं हायती, घाबरायचं कारण न्हाई."

सर माझ्या शेजारी बसले होते. त्यांचा हात खिशावर होता. ते उठले नाहीत. माझ्याकडे वाकून म्हणाले, "बाई, काय म्हनू?"

त्या वेळी मी नोकरीत कायम झाले नव्हते. कागद आबासाहेबांच्या टेबलावर होता. पण तेवढंच कारण होतं असं म्हटलं तर तेही खोटं होईल. मला तमाशा नको होता. सगळे बघत होते, ऊन तापलं होतं, आणि मला ते लवकर संपायला हवं होतं. मी म्हटलं, "भौमितिक रचना म्हणा आणि बसा."

ते उठले. माइकपर्यंत गेले. एक डोळा मिटून लोकांकडे बघितलं. मागे पिंपापाशीही बघितलं असावं.

"ही भौमितिक रचना हाय," ते म्हणाले. "ह्यात अर्थ असा काय न्हाई."

पहिली टाळी मी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. आबासाहेबांनी सरांना शाल घातली आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "लई डोकं चालवलं रं, मारुती." कचेरीच्या कारकुनाला वस्तूच्या मागे नाव डकवायचं होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून कागद माझ्यापुढे आला. मी लिहिलं.

फळा दर्शनी भिंतीला लागला नाही. आबासाहेबांनी तो आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीच्या मागे लावून घेतला. ज्याच्याकडे बोट दाखवायला केला, त्याच्याच पाठीमागे शोभेला लागला. संस्थेच्या कामाला सरांना तिथे जावं लागे, समोरच्या खुर्चीत बसावं लागे, आणि चहा यायचा. तो ते अख्खा पीत.

दुसऱ्या दिवशी गयाबाई स्टाफरूम झाडायला आली. सरांच्या खुर्चीपाशी थांबली. "सर, पाय घ्या वर," म्हणाली. त्यानंतर मरेपर्यंत ती त्यांना 'सर'च म्हणत राहिली. आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना सोसला असता. मला एकदाच म्हणाली, "बोलला असता तर माज्या दारात काय ट्रॅक्टर येनार व्हता? पर बोलला असता तर बरं झालं असतं, बाई." मी तिला सांगितलं नाही की ते शब्द माझे होते. ती गेली तरी सांगितलं नाही.

पुढच्या जूनमध्ये पत्र्याचा डबा वर्गात फिरला नाही. एका पोराने आपणहून खोडरबर पुढे केलं तर सर म्हणाले, "राहू दे तुज्यापाशी. खोडा काय खोडायचं ते."

मग लागोपाठ पाऊस गेला. ऊस वाळला, कारखान्याला गाळायला काही उरलं नाही, आणि एका वर्षी भोंगा वाजलाच नाही. आबासाहेब तोवर वारले होते. त्यांच्या नावाचा चौक आहे, पुतळाही आहे. कारखान्याचं सामान विकायला काढलं तेव्हा सर निवृत्त होते. मला म्हणाले, "येता का, बाई?" चकलांब्याकडची एसटी पकडून आम्ही दोघं गेलो. खुर्च्या, पंखे, कपाटं, सगळं एकदम एका भंगारवाल्याने घेतलं होतं. सुटी वस्तू द्यायला तो तयार नव्हता. "कुनाचा हाय फळा? तुमचा?" त्याने विचारलं. सर काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आम्हाला सवय झाली होती.

फळा टेम्पोत कपाटांच्या मध्ये आडवा ठेवला होता. सर चाकावर पाय देऊन वर चढले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, धोतराचा सोगा सावरत. खिशातून खुंट काढला आणि त्या भोकात बसवला. अंगठ्याने दाबला. पुन्हा दाबला. इतक्या वर्षांत घासून घासून तो बारीक झाला होता आणि भोक तेवढंच राहिलं होतं. खुंट नुसता उभा राहिला. ड्रायव्हरने हॉर्न दिला तसे ते उतरले.

टेम्पो फाटकापाशी खड्ड्यातून उसळला आणि काहीतरी टपकन रस्त्यावर पडलं. सर चालत गेले, घाई न करता. वाकले, खुंट उचलला, सदऱ्याला पुसला आणि खिशात ठेवला. मी पोचले तेव्हा ते टेम्पोच्या धुळीकडे एक डोळा मिटून बघत होते.

"बाई, साडेतीन फूट व्हती गयाक्काची चौकडी. ह्या हातानं मापलती. तुमचं अक्षर चांगलं हाय. कुटंतरी लिवून ठिवा."

"ठेवते," मी म्हटलं.

एसटीत ते पुढे बसले, मी मागे. त्यांच्या थांब्यावर उतरताना त्यांनी वळून पाहिलं नाही. नंतर सहा-सात महिन्यांनी ते गेल्याचं कळलं. मी काही लिहिलं नव्हतं. पुण्याला आले, गुडघे दुखायला लागले, भाचीचं लग्न झालं. कारणं काय, कधीही मिळतात. फळ्याच्या मागचे दोन शब्द लिहायला मात्र मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

आता तो फळा कुणाच्या तरी सोफ्यावर लागेल. उलटा लागेल, सावल्या छान पडतील. म्हणून लिहिते. गयाबाईची चौकडी साडेतीन फूट खोल होती. तिच्यातला खुंट आबासाहेबांनी फावड्याने पाडला. मारुती पांचाळांनी ते पाहिलं होतं, आणि मला ते माहीत होतं.